पणजोबांची नोंद शोधताना आधी म्हाळाची तिथी विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचे पणजोबा संगमेश्वर तालुक्यातले. मुंबईला लालबागेत राहायचे, गिरणीत कामाला होते. आजोबा पाळण्यात असताना ते "मानमोडीत गेले", म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, एवढंच घरात सांगितलं जातं. तुम्हाला त्यांच्या जन्माची, लग्नाची आणि मृत्यूची अशा तिन्ही नोंदी ऑनलाइन हव्यात. नाव-आडनाव टाकून चार वेबसाइट पालथ्या घातल्यात, हाती काही नाही. आता एक कंपनी "सात पिढ्यांची वंशावळ" काढून द्यायचे पैसे मागते आहे. घरात जुनं माणूस म्हणजे गावी असलेली ८४ वर्षांची आत्या.

पैशांचं आधी सांगतो: थांबा, एवढ्यात देऊ नका. का ते पुढे येईलच.

मी एका नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात सत्तावीस वर्षं काढली. निवृत्तीच्या आधी मोडी लिपी शिकलो. आता लोकांना वारसाचे जुने कागद वाचून देतो, कुळवृत्तांताला मदत करतो. त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलोय. अर्ज घेणारा म्हणून आणि "साहेब जेवायला गेलेत" हे ऐकणारा म्हणूनही.

तुम्हाला वाटतंय की बरोबर वेबसाइट सापडत नाहीये. खरी अडचण अशी की त्या साइट विलायतेतल्या नोंदींच्या साच्यावर बांधलेल्या आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि दर तिमाहीला सगळ्या देशाची आडनावाप्रमाणे सूची होत गेली. तिथल्या माणसाने आडनाव टाकलं की गाडं पुढे सरकतं. आपल्याकडे १८८६ चा कायदा होता, पण त्याखालची नोंदणी ऐच्छिक. देशभर सक्तीचा कायदा १९६९ चा, तो महाराष्ट्रात लागू झाला १९७० पासून.

मग त्याआधी नोंदी नव्हत्याच का? होत्या, गावोगाव होत्या. पाटील-कोतवालांकडून लिहिल्या जायच्या. कागदावर त्या वहीचं नाव गाव नमुना नंबर १४, बोलण्यात कोतवाल बुक. पण पटकी, देवी, प्लेग यांनी कुठल्या गावात किती माणसं गेली हे वर कळावं म्हणून ती वही होती. तुमच्या-माझ्या वंशावळीचा विचार ती भरताना कुणी केलेला नाही. म्हणून नोंद लागते ती गावाने आणि तारखेने. आडनावांची सूची नसते, आणि पुष्कळदा नोंदीत आडनावच नसतं.

एक पान डोळ्यासमोर आणा. उभे-आडवे रकाने, कडा पिवळ्या पडलेल्या, मधे कसरीने केलेली भोकं. एका ओळीत अनुक्रमांक, तारीख, मग "धोंडू बिन सखाराम", जात, पुरुष, वय ३२, "ताप", खबर देणाऱ्याचं नाव. संपलं. हे सगळं मोडीत, म्हणजे आधी आडवी रेघ ओढलेली आणि अक्षरं तिला लटकलेली. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे नाव कुठे संपलं आणि बापाचं कुठे सुरू झालं हे सरावाशिवाय कळत नाही. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. विदर्भ-मराठवाड्यात त्याच जागी "वल्द" येतं. बाईच्या नावापुढे "कोम" किंवा "मर्द", तिकडे "जौजे", म्हणजे अमक्याची बायको. एका गृहस्थांनी मला त्यांच्या "बिन" घराण्याचा मूळ पुरुष कोण असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

या पानात तुमचं आडनाव कुठे आहे? नाही. "मानमोडी" आहे? तेही नाही, नुसतं "ताप" आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला लोक मानमोडी म्हणत, पण लिहिणाऱ्याच्या रकान्यात तो ताप. उद्या हे पान स्कॅन होऊन ऑनलाइन आलं तरी तुमच्या सर्चमध्ये ते येणार नाही.

जन्माच्या नोंदीची तर आणखी गंमत. बारसं व्हायच्या आधीच नोंद होऊन जायची, त्यामुळे बाळाचं नावच नाही. "सखाराम बिन अमुक यास मुलगा", एवढंच. आजच्या कायद्यातही नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि नाव मागाहून घालता येतं. पुष्कळ आईबाप ते घालायला येतच नाहीत. माझ्या टेबलावर पासपोर्टच्या वयाला आलेली अशी किती "निनावी" बाळं येऊन गेली, त्याचा हिशोब नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर जन्माचा नाद आत्तापुरता सोडला असता आणि मृत्यूपासून मागे गेलो असतो. जन्म कधी झाला हे घरात कुणाला आठवत नाही. मृत्यूची मात्र एक खूण घर दरवर्षी जपत असतं.

तुमच्याकडे पणजोबांचा म्हाळ कोणत्या तिथीला घालतात?

पितृपक्षात ज्या तिथीला पान वाढतात ती बहुधा माणूस गेला ती तिथी असते. महिना आणि पक्ष मात्र त्यातून कळत नाही. षष्ठीला म्हाळ असेल तर माणूस कुठल्यातरी महिन्याच्या शुद्ध किंवा वद्य षष्ठीला गेला. वर्षश्राद्ध अजून होत असेल तर महिनाही मिळतो. पण तुमच्या बाबतीत साथीने अर्धं काम करून ठेवलंय. मुंबईत मानमोडीची दुसरी, जबर लाट सप्टेंबर १९१८ पासून आली आणि ऑक्टोबरात कळसाला पोचली. त्या वर्षी दिवाळीचं लक्ष्मीपूजन ३ नोव्हेंबरच्या सुमाराला होतं, सर्वपित्री अमावास्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तिथून मागेपुढे मोजत या. समजा, षष्ठी निघाली. भाद्रपद शुद्ध षष्ठी साधारण १०-११ सप्टेंबर, वद्य षष्ठी २५-२६ सप्टेंबर, आश्विन शुद्ध षष्ठी १०-११ ऑक्टोबर, वद्य षष्ठी २५ च्या आसपास. म्हणजे वहीत वर्षभर शोधायच्या ऐवजी चार जागी दोन-दोन पानं उलटायची. खिडकीवरच्या कारकुनाला "१९१५ ते १९२५ बघा" म्हटलं तर तो मान वर करणार नाही. "या चार तारखा बघता का?" म्हटलंत तर उठेल. मी स्वतः असाच उठायचो.

आता यात गाळलेल्या जागा आहेत, त्याही सांगतो. तिथी माहीत नसेल तर म्हाळ सर्वपित्रीला घालतात, आणि बऱ्याच घरांत सोय म्हणून सगळ्यांचाच त्या दिवशी उरकतात. माणूस मुंबईत गेला आणि गावी पत्राने कळलं, तर पत्र पोचलं तो दिवस तिथी म्हणून धरलेलाही मी पाहिलाय. आणि "मानमोडीत गेले" हे वाक्य म्हातारी माणसं सैल वापरतात. त्या दोन-तीन वर्षांत तापाने गेलेला कुणीही मानमोडीत गेलेला असतो. तेव्हा १९१८ ला सापडलं नाही तर १९१९ च्याही त्याच तिथ्या काढायच्या.

दुसरा प्रश्न जागेचा. ते मुंबईत गेले की गावी? हे खरोखर परिस्थितीवर आहे, मी इथे बसून सांगू शकत नाही. गिरणीतला कोकणी माणूस आजारी पडला की गावचा रस्ता धरायचा. पावसाळ्यात बंद असलेल्या बोटी त्याच सुमाराला सुरू झालेल्या असत. पण मानमोडीत तीन-चार दिवसांत माणूस जायचा, इतक्यात बंदर गाठणंही मुश्कील. मुंबईत गेले असतील तर नोंद महापालिकेकडे, ती वॉर्डाप्रमाणे. लालबाग आज एफ-दक्षिणमध्ये येतं, पण राहायला एकीकडे आणि शेवट भायखळ्याकडच्या एखाद्या रुग्णालयात असं असेल तर वॉर्ड बदलतो. गावी गेले असतील तर आधी ग्रामपंचायतीत विचारा. इतकी जुनी वही तिथे बहुतेक नसते, ती तहसीलच्या अभिलेख कक्षात जाते. तुमच्या तालुक्याचं नाव संगमेश्वर असलं तरी तहसील कचेरी देवरुखला आहे, उगाच चक्कर मारू नका.

अर्ज करताना पाय मागे घेऊ नका. १९६९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानुसार कुणीही फी भरून नोंदीचा शोध घ्यायला सांगू शकतो आणि दाखला मागू शकतो. मृत्यूच्या दाखल्यात कारण मात्र देत नाहीत. नोंद सापडली नाही तर तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका, अनुपलब्धतेचा दाखला मागा. त्यावर कुठली वही, कुठली वर्षं पाहिली हे येतं. पुढच्या वेळी तीच वर्षं पुन्हा शोधायची वेळ येत नाही, आणि "ते रजिस्टर फाटलंय" आणि "बघितलं, पण नाव नाही" यातला फरकही कागदावर येतो. हा फरक फार मोठा आहे. फाटलेल्या वहीतला माणूस दुसरीकडे सापडू शकतो.

आता दुसरीकडे म्हणजे कुठे? माझा पहिला हात नेहमी जमिनीच्या कागदाला जातो. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली आणि फेरफार लिहिले जाऊ लागले. खातेदार गेला की वारसाची नोंद. त्यात काय मिळतं बघा: "खातेदार अमुक हा मयत, वारस मुलगा तमुक वय १, अज्ञान, पालन करणार आई सगुणा". एका ओळीत बाप, मुलगा, मुलाचं वय, आईचं नाव. जन्म, लग्न आणि मृत्यू तिन्हींचा निम्मा पुरावा. लेक असेल तर पुढच्या फेरफारात ती सासरच्या नावाने येते, म्हणजे आत्यांची घरं सापडतात. सातबारावर "अ.पा.क." अशी तीन अक्षरं दिसली तर दचकू नका, अज्ञान पालन करणार, म्हणजे वयात न आलेल्या वारसाला सांभाळणारा, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं गाव खोती असेल तर जमीन खोताच्या नावाने आणि तुमचे लोक कुळ म्हणून असतील. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. तिथे कुळांची नावं शोधावी लागतात, आणि खोताच्या घरच्या वह्या कुणी जपल्या असतील तर त्याही.

दुसरा हात शाळेला. आजोबा पाळण्यात होते म्हणजे १९२४-२५ च्या सुमाराला गावच्या शाळेत गेले असतील. शाळेच्या जनरल रजिस्टरला पूर्ण नाव, जन्मतारीख, जात आणि पालक असतो. पालक म्हणून चुलत्याचं नाव आलं तर बाप तेव्हा हयात नव्हता, हेही पक्कं होतं. जन्मतारीख १ जून दिसली तर तिच्यावर फार जीव टाकू नका. गुरुजींनी अर्ध्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घातलंय.

तिसरी जागा कुणाला सुचत नाही. लालबाग-परळमध्ये कोकणातल्या एकेका गावाच्या गावकीच्या खोल्या होत्या. गावची एकटी पुरुषमाणसं तिथे वर्गणी देऊन राहायची. काही मंडळांकडे वर्गणीच्या वह्या अजून आहेत. त्यात जन्म-मृत्यू नसतो, पण कुठल्या महिन्यापर्यंत एखाद्याने पैसे भरले हे असतं. एका माणसाची वर्गणी श्रावणात थांबली आणि पुढे त्याच्या भावाच्या नावाने सुरू झाली, एवढ्यावरून आम्ही वर्ष ठरवलं आणि मग वही उघडली.

बरं, ऑनलाइन काय आहे ते आता सांगतो, कारण मूळ प्रश्न तो होता.

केंद्राचं नागरी नोंदणीचं पोर्टल आहे, पण ते आजच्या नोंदी करायला आणि दाखले काढायला. पूर्वज शोधायची ती जागा नाही. महसूल खात्याचं "आपले अभिलेख" हे जास्त उपयोगाचं. जुने सातबारा, फेरफार स्कॅन करून ठेवलेत. जिल्हा, तालुका, गाव निवडून बघायचे. सगळ्या जिल्ह्यांचं सारखं काम झालेलं नाही, तुमच्या गावाचं काय आहे ते उघडूनच कळेल. निवडताना जिल्ह्यांच्या वाटण्या लक्षात ठेवा. १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग हा रत्नागिरीचाच भाग होता, रायगडचं नाव कुलाबा होतं. जुन्या कागदावर जुनं नाव, पोर्टलच्या यादीत नवीन.

तिसरी गोष्ट अलीकडची. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी महसूल, शाळा, जन्म-मृत्यूच्या लाखो जुन्या पानांची तपासणी झाली. अनेक जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर ती पानं तालुकावार, गाववार टाकली गेली. तुम्हाला जातीच्या दाखल्याशी देणंघेणं नसेल, तरी ही पानं पाहून घ्या. कोतवाल बुकाची एवढी पानं घरबसल्या बघायला मिळण्याची सोय याआधी कधी नव्हती. फक्त लक्षात असू द्या की तिथे टाकलेली पानं त्या एका शब्दाच्या शोधातून निवडलेली आहेत. तुमचं गाव यादीत नसेल तर वही नाही असा अर्थ नाही. मोडी येत नसेल तर गावाचं नाव आणि वर्ष बघून पान उतरवून घ्या आणि वाचणाऱ्याला दाखवा.

परदेशी साइटचं एका दमात सांगतो. फॅमिलीसर्च फुकट आहे, खातं काढावं लागतं. तिथले भारताचे जन्म, लग्न, मृत्यूचे संग्रह मुख्यतः चर्चच्या वह्यांतले, म्हणजे युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि काही देशी ख्रिस्ती. फाइंडमायपास्टवर इंडिया ऑफिसच्या नोंदी आहेत आणि फिबिस नावाच्या संस्थेची फुकट सूची आहे, तीही त्याच माणसांची. वसईचं किंवा गोव्याचं ख्रिस्ती कुटुंब असेल तर जरूर बघा. गोव्यात तर पोर्तुगीज अमलातल्या सिव्हिल नोंदणीच्या वह्या आहेत, त्यात नाव, आईबाप, आजेआजोबा असा बैजवार मजकूर असतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या आधारे पोर्तुगालचं नागरिकत्व मागणारे लोक त्याच वह्यांमागे फिरत असतात. पण संगमेश्वरच्या गिरणी कामगाराला लंडनच्या संग्रहात शोधणं म्हणजे देवरुखची एसटी परळच्या डेपोत न बघता हीथ्रोवर बघण्यासारखं आहे. तुमचे चार शून्य निकाल इथून आलेत. तरी शोधायचंच असेल तर स्पेलिंगवर विसंबू नका. पवार कुठे डब्ल्यूने, कुठे व्हीने, कुठे पोवार. खात्री नसलेल्या अक्षरांच्या जागी तारांकन टाका.

फॅमिलीसर्चवर हरिद्वार-कुरुक्षेत्रच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रंही आहेत, पण त्यात मुख्यतः उत्तरेकडची घराणी. आपल्या लोकांच्या वह्या नाशिक-त्र्यंबकेश्वरला, तीर्थोपाध्यायांच्या घरी. त्यांना नामावळी म्हणतात. तिथे गाव आणि आडनाव सांगितलं की कुठल्या उपाध्यायांकडे जायचं ते घाटावरच कळतं. कुटुंबातलं कुणी एकदा जरी सिंहस्थाला गेलं असेल, तर त्याने भाऊ, मुलगे, बाप, आजा यांची नावं लिहून सही किंवा अंगठा केलेला असतो. ही वही मात्र माणसासाठीच लिहिलेली. संगणकावर ती नाही, स्वतः जावं लागतं, आणि जाताना दक्षिणा द्यायची असते हे विसरू नका.

आता लग्न. तुम्ही तिन्ही दाखले म्हणालात, त्यातला हा सोडून द्या. १९१५-१६ च्या हिंदू लग्नाची सरकारी नोंद असण्याचं कारणच नव्हतं. मुंबई इलाख्याचा विवाह नोंदणीचा कायदा आला १९५३ मध्ये, आणि त्यानंतरही लोकांनी किती मनावर घेतलं हे आपल्याला माहीत आहे. पारशी आणि ख्रिस्ती लग्नांची गोष्ट वेगळी, त्यांचे कायदे एकोणिसाव्या शतकातले आहेत आणि वह्याही.

पण लग्नाचा पुरावा घरात निघतो. ट्रंकेच्या तळाशी आहेराची यादी असते. लांबट वही, वर "श्री", आणि खाली ओळी: "मामा, अमुक गाव, लुगडं एक, रुपये दोन." पणजीच्या माहेरची सगळी माणसं गावासकट तिथे सापडतात. तारीख नसली तरी बस्त्याच्या दुकानाची पावती कधीकधी मधे अडकलेली असते. मी हाताळलेल्या सगळ्या कागदांत मला आहेराची यादी सगळ्यात खरी वाटते. आहेर परत करायचा असतो, म्हणून त्यात कुणी चूक करत नाही.

माहेरचं गाव कशासाठी? पणजीचं नाव सासरी बदललं असणार, तांदळात लिहून. फेरफारातली "सगुणा" माहेरच्या गावात कुणालाच माहीत नसेल, तिथे ती "भागी" असेल. बायकांच्या नोंदी हरवतात त्या इथे. दोन्ही नावं मिळाल्याशिवाय तिचा शोध सुरू करू नका.

एक चूक माझी सांगतो, म्हणजे तुमची टळेल. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे एका घरात "गणू बिन बाळू", त्याचा मुलगा "बाळू बिन गणू", त्याचा पुन्हा "गणू बिन बाळू". बाप-लेकाची जोडी एक पिढी आड जशीच्या तशी येते. शिवाय चुलतघरातही तेच आजोबा, म्हणून तेच नाव. मला एका कुटुंबाची नोंद सापडली. नाव जुळलं, बापाचं जुळलं, गाव जुळलं. मी आनंदाने कळवलं. त्यांनी त्या तारखेला पुण्यतिथी केली, फोटोला हार घातला. आठ महिन्यांनी फेरफार हाती आला तेव्हा कळलं की तो माणूस त्यांचा पणजोबा नव्हे, पणजोबांच्या चुलत्याचा नातू. वय बघितलं असतं तर लक्षात आलं असतं, वहीत ते स्वच्छ लिहिलेलं होतं. मला नाव सापडल्याच्या आनंदात पुढचा रकाना दिसला नाही. तेव्हापासून मी नियम केला: नाव, बापाचं नाव आणि गाव मिळून एक पुरावा. वय, बायकोचं किंवा मुलाचं नाव, किंवा तारखेशी जुळणारी तिथी, यातलं आणखी एक काहीतरी मिळेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही.

आणि म्हणूनच ती कंपनी. सात पिढ्या त्या कुठून काढणार, हे त्यांना आधी विचारा. कुठल्या गावची, कुठल्या वर्षाची वही, पानाचा फोटो देणार का. मोडीचं पान आणि त्याचं बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिप्यंतर देत असतील तर ते खरं काम आहे, त्याचे पैसे होतात. नुसतं झाड काढून देत असतील तर एकाच आडनावाच्या लोकांना फांद्यांवर बसवून देण्यापलीकडे त्यात काही नसतं.

तुमच्यापुरता क्रम सांगायचा तर: आत्याकडून तिथी, तिथीवरून चार तारखा, मग देवरुखला आणि एफ-दक्षिणला एकाच आठवड्यात अर्ज. उत्तर येईपर्यंत घरबसल्या फेरफार आणि जिल्ह्याच्या साइटवरची पानं. शाळेचं रजिस्टर गावी जाल तेव्हा. जन्माची नोंद शेवटी, वय मिळाल्यावर, त्यातून येणाऱ्या दोन-तीन वर्षांतच बघायची, आणि "यास मुलगा" एवढंच सापडलं तर त्यावर समाधान मानायचं.

आत्याला फोन कराल तेव्हा "पणजोबांचं पूर्ण नाव काय" असं विचारू नका. म्हाताऱ्या माणसाला परीक्षेला बसल्यासारखं होतं, आणि वडीलधाऱ्यांची नावं घ्यायला ती कचरेलही. म्हाळाला भटजी कुणाकुणाची नावं घेतात ते विचारा. संकल्पात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्या येतात, आईकडच्याही येतात. दरवर्षी कानावर पडलेली ती नावं ती त्याच क्रमाने सांगेल. तुम्ही मधे बोलू नका, लिहून घ्या. तिथी कळली की मला कळवा, १९१८ आणि १९१९ ची पंचांगं मी काढून ठेवतो.